घाबरं होतं म्हणून मशेरी, की मशेरीमुळे घाबरं होतं?

आम्ही बचत गटांच्या समन्वयक बोलतोय. आम्ही रेडिओवर आलो की तुम्हांला वाटतं, आता हप्त्याचं, व्याजाचं, नाहीतर बँकेच्या कागदपत्रांचं काहीतरी निघणार. आज तसं काही नाही. आज आम्ही बोलणार आहोत छातीतल्या धडधडीबद्दल, आणि कनवटीला असलेल्या मशेरीच्या डबीबद्दल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हांला वाटेल. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

गटाच्या बैठका संपल्या, वही मिटली, की खरं बोलणं सुरू होतं. त्या बोलण्यात एक तक्रार आम्हांला गावोगावी ऐकू येते. "बसल्या बसल्या छातीत धडधडायला लागतं. दरदरून घाम फुटतो. हातापायाला मुंग्या येतात. श्वास पुरत नाही, गळा आवळल्यासारखं होतं. आता मी मरते, नाहीतर मला वेड लागतं, असं वाटतं. मग थोड्या वेळाने आपोआप ओसरतं, आणि अंगात त्राण उरत नाही." सांगणारी कधी तिशीतली सून असते, कधी पन्नाशीची सासू. डॉक्टर याला पॅनिक अटॅक म्हणतात. आपण भीतीचा झटका म्हणू. तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरतो.

या झटक्याला घरोघरी वेगवेगळी नावं आहेत. कुणी म्हणतं बाहेरचं आहे, आणि देवऋष्याकडे घेऊन जातं. कुणी म्हणतं हार्टअटॅक, आणि जीप करून तालुक्याला पळतं. आमच्या एका गटातल्या वहिनींनी शेळी घ्यायला अंतर्गत कर्ज उचललं होतं. शेळी आलीच नाही. दोन झटक्यांत ईसीजी, रक्ताच्या तपासण्या आणि गाडीभाडं यातच ते पैसे गेले. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. तपासण्या करून घेतल्या ते बरोबरच केलं. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणताच घरचे म्हणायला लागले, "काही झालेलं नाही, नाटकं करते." एकीकडे कर्ज फेडायचं, दुसरीकडे हे बोलणं सोसायचं, आणि झटके काही थांबेनात.

त्या वहिनींना डॉक्टरांनी विचारलं होतं, "तंबाखू, सिगारेट काही घेता का?" त्या म्हणाल्या, "नाही." त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे गडीमाणसं चुन्याबरोबर मळून दाढेखाली धरतात ती. आपण लावतो ती मशेरी. कुणी तिला मिश्री म्हणतं. ती दात घासायची असते. तिला कोण तंबाखू म्हणतंय?

पण बायांनो, मशेरी म्हणजे काय हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटून पूड करायची. तंबाखू भाजली तरी ती तंबाखूच राहते. २०१६-१७ साली देशभर प्रौढ माणसांच्या तंबाखूची सरकारी पाहणी झाली. तिच्यात असं दिसलं की महाराष्ट्रात शंभरातल्या साधारण सतरा बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्या मात्र शंभरात दोनसुद्धा नाहीत. म्हणजे आपल्याकडे बाईची तंबाखू धुरातून दिसत नाही. ती डबीत असते, पदराआड असते, आणि म्हणून डॉक्टरांच्या कागदावरही येत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. आम्ही बायांना विचारतो, घाबरं होतं तेव्हा काय करता? उत्तर ठरलेलं असतं. "चिमूटभर मशेरी लावते, की जीव ठिकाणावर येतो." विडी ओढणारी माणसंही तेच म्हणतात. "टेन्शन आलं की एक विडी मारतो, मग बरं वाटतं." हे बरं वाटणं खोटं आहे, असं आम्ही म्हणणार नाही. ते खरंच वाटतं. पण आपण गटात काम करणाऱ्या बाया आहोत. पैसा हातात आला की आपण पहिलं विचारतो, हा आला कुठून आणि फेडायचा किती? तोच प्रश्न या बरं वाटण्याला विचारायचा.

तंबाखूत निकोटिन नावाचा पदार्थ असतो. मशेरी हिरडीला लावली की तो तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून रक्तात उतरतो. रक्तातून मेंदूत जातो आणि तिथे थोडा वेळ तरतरी आणतो. त्याच वेळी तो शरीराला दुसरा एक निरोप देतो. अंगावर कुत्रं धावून आलं तर आपलं शरीर जे करतं, तेच करायला तो सांगतो. अॅड्रेनलिन नावाचा रस रक्तात सुटतो, काळजाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. समोर कुत्रं नाही, काही नाही, तरी शरीर पळायच्या तयारीत येतं.

हे आम्ही सांगतो म्हणून मानू नका. घरी करून बघा. सकाळी मशेरी लावायच्या आधी शांत बसून मनगटावर बोटं ठेवा आणि एक मिनिट नाडीचे ठोके मोजा. मशेरी लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी तसंच बसून परत मोजा. बहुतेकींचे ठोके वाढलेले दिसतील. जी वस्तू आपण जीव शांत करायला लावतो, ती काळजाला पळवत असते.

मग बरं का वाटतं? त्याचं कारण दुसऱ्या टोकाला आहे. घेतलेल्या निकोटिनमधलं जवळपास अर्धं दोन तासांत रक्तातून निघून जातं. रोज तंबाखू मिळायची सवय लागलेल्या मेंदूला ते कमी झालेलं लगेच कळतं. मग बेचैनी सुरू होते, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही, उगाच काळजी वाटते. पोराने ताट सांडलं तर एरवी ओरडलो नसतो, पण तेव्हा धपाटा बसतो. आपण म्हणतो, टेन्शन आहे. टेन्शन असेलही. पण त्यातला मोठा वाटा तंबाखू उतरल्याचा असतो. मग आपण परत चिमूट लावतो, बेचैनी जाते, आणि आपण म्हणतो, बघा, मशेरीने बरं वाटलं. मुळात ती बेचैनी मशेरीनेच आणलेली होती.

सावकाराचं कर्ज आठवा. तो पहिल्यांदा पैसे देतो तेव्हा देवासारखा वाटतो. पुढे त्याचंच व्याज फेडायला त्याच्याचकडून पैसे घ्यावे लागतात, आणि दर वेळी तो दिल्यासारखं करतो. हातात उरत काहीच नाही. बचत गट आपण त्याच फासातून सुटायला काढले. मशेरीची तऱ्हा अगदी तीच आहे. चढताना धडधड, उतरताना बेचैनी, आणि मधल्या थोड्या वेळाला आपण शांती म्हणतो.

सकाळचं बघा ना. कितीतरी जणी सांगतात, "उठल्याबरोबर मशेरी लावल्याशिवाय काही सुचत नाही." कारण रात्रीचे सात-आठ तास अंगात तंबाखू गेलेली नसते. झोपेतून उठतो तेव्हा रक्तात निकोटिन तळाला गेलेलं असतं. ती सकाळची कासाविशी आपल्या स्वभावाची नाही, आपल्या कमजोरीची नाही, ती त्या रिकाम्या रात्रीची आहे. ज्या बाईला मशेरी माहीतच नाही, तिची सकाळ अशी उगवत नाही.

विडी-सिगारेटचं काय? त्यात हाच खेळ जास्त वेगाने चालतो. धुरातून गेलेलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. झटकन चढतं आणि झटकन उतरतं, म्हणून ओढणाऱ्याला परत परत ओढावंसं वाटतं. शिवाय धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. रक्तात प्राणवायूची जी जागा, ती तो बळकावतो. छाती भरते, चढ चढताना दम लागतो. विडी देशी, पानाची, म्हणून सौम्य असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. टेंभुर्णीच्या पानाची विडी विझू नये म्हणून जोरजोराने आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते, आणि तेवढा धूर जास्त आत जातो. हे आम्ही घरातल्या गडीमाणसांसाठीही सांगतोय. भीतीचा झटका पुरुषांनाही येतो. ते सांगत नाहीत, इतकंच. रात्री दचकून उठून अंगणात विडी ओढत बसलेला माणूस नुसता विचार करत बसलेला असेल असं नाही.

आता धडधड आणि बेचैनी एकीकडे, आणि भीतीचा झटका दुसरीकडे. या दोन्हींचा सांधा कुठे जुळतो ते बघू. झटका पुष्कळदा शरीरातल्या एखाद्या लहानशा खुणेवरून सुरू होतो. ठोका चुकल्यासारखा वाटतो, दम लागल्यासारखा होतो. एरवी आपलं तिकडे लक्षही गेलं नसतं. पण ज्या बाईला एकदा झटका येऊन गेलाय, ती दचकते. "परत आलं वाटतं." भीती वाटली की अॅड्रेनलिन सुटतं, धडधड वाढते. धडधड वाढली की भीती वाढते. श्वास उथळ आणि भरभर होतो, त्याने हातापायाला मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि वाटतं आता संपलंच. हे चक्र असतं. तंबाखू काय करते? चक्र सुरू करणारी ती पहिली खूणच दिवसातून चार-पाच वेळा अंगात तयार करते. प्रत्येक वेळी झटका येतोच असं नाही. पण ज्याच्या घरात गवताची गंजी आहे, त्याने अंगणात रोज ठिणग्या पाडू नयेत, एवढं तर खरं.

यावर अभ्यासही झालेले आहेत. २००० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात एक अभ्यास आला. न्यूयॉर्क राज्यातल्या ६८८ मुलामुलींना आधी साधारण सोळाव्या वर्षी आणि मग बाविसाव्या वर्षी तपासलं होतं. सोळाव्या वर्षी जी मुलं दिवसाला वीस किंवा जास्त सिगारेटी ओढत होती, त्यांच्यात पुढे भीतीचे झटके, सततची काळजी आणि घराबाहेर पडायची भीती जास्त आढळली. उलट, आधी काळजीचा आजार होता म्हणून पुढे जास्त सिगारेटी ओढायला लागले, असं त्या अभ्यासात दिसलं नाही. दुसरी गोष्ट सोडण्याबद्दलची. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये संशोधकांनी २६ अभ्यास एकत्र मांडले. ज्यांनी सिगारेट सोडली त्यांची काळजी, उदासी आणि ताण, ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेला दिसला. ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांच्यातही. हे अभ्यास सिगारेटचे आहेत, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण सिगारेटमधलं निकोटिन आणि मशेरीतलं निकोटिन एकच आहे. मशेरीत ते जरा हळू चढतं आणि जास्त वेळ रेंगाळतं, एवढा फरक.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, धडधड होते म्हणजे भीतीचाच झटका, असं घरच्या घरी ठरवू नका. रक्त कमी असेल, थायरॉइडचा त्रास असेल, साखर उतरली असेल, तरीही धडधड होते. आपल्या बायांत रक्त कमी असणाऱ्या किती, हे आशाताईंना विचारा. एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात नीट तपासून घ्या. आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं दाबून दुखत असेल, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, थंड घाम सुटला असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. तंबाखू काळजालाही धोका करते, म्हणून मशेरी लावणाऱ्या बाईने छातीचं दुखणं अंगावर काढू नये.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा, "मी मशेरी लावते, दिवसातून इतक्या वेळा." यात लाजायचं काही नाही. हे एक वाक्य सांगितलं तर पुढच्या कितीतरी तपासण्या वाचू शकतात. वर ज्या वहिनींचं सांगितलं, त्यांनी तिसऱ्या खेपेला हे सांगितलं. तेव्हा कुठे कुणीतरी त्यांच्याशी झटक्याबद्दल आणि मशेरीबद्दल एकत्र बोललं.

तिसरी गोष्ट, झटका आलाच तर काय करायचं. खाली बसा. पाठ भिंतीला टेका. पोलक्याचं वरचं बटण सैल करा. श्वास ओढायच्या मागे लागू नका, सोडायच्या मागे लागा. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत हळूहळू तोंडाने सोडा, चुलीवर फुंकणीने हळुवार फुंकर घालावी तसा. समोर दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घ्या. हंडा, खुंटी, दिवा, दोरी, पायरी. मनाला सांगा, हा झटका आहे, आत्ता उतरेल, याआधीही उतरलाय. शेजारी असाल तर त्या बाईभोवती गर्दी करू नका, तोंडावर पाण्याचे हबके मारू नका, कांदा हुंगवू नका. हात धरा आणि तिच्याबरोबर सावकाश श्वास सोडा. आणि एक लक्षात ठेवा. त्या वेळी मशेरीची डबी पुढे करू नका. झटका तसाही उतरणार असतो. तेव्हा मशेरी लावली तर श्रेय मशेरीला जातं आणि पुढच्या वेळी हात डबीकडेच जातो.

चौथी गोष्ट, मशेरी सोडण्याची. इथे आम्ही खरं तेच सांगू, गोड नाही. सोडल्यावर पहिले काही दिवस घाबरं जास्त होतं. चिडचिड होते, झोप लागत नाही, सारखं काहीतरी खावंसं वाटतं. दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात कठीण. इथेच बहुतेक जणी परत फिरतात. म्हणतात, "बघा, मशेरी सोडली तर जीव जायची वेळ आली. मला ती लागतेच." बायांनो, ती वेळ तुमची नाही, तंबाखू अंगातून निघून जाण्याची आहे. बाहेर पडणारा भाडेकरू जाताना भांडी आपटतो, तशी. हा त्रास पहिल्या आठवड्यानंतर कमी होत जातो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. हे आधीच माहीत असेल तर तिसऱ्या दिवशी बाई घाबरत नाही. माहीत नसेल तर तिला वाटतं हे आता जन्मभर असंच राहणार.

आमच्या एका गटातल्या काकू चाळीस वर्षं मशेरी लावत होत्या. त्यांनी सोडली तेव्हा तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना एवढं कासावीस झालं की डबी घ्यायला त्या शेजारच्या घरी गेल्या. शेजारीणही आपल्याच गटातली. तिने डबी दिली नाही, तोंडावर नाहीही म्हटलं नाही. "बसा, आधी शेंगा फोडू," म्हणाली. दोघींनी तासभर शेंगा फोडल्या. तलफेची लाट काही मिनिटांची असते. ती येते, चढते आणि जाते, तेवढ्यात हाताला आणि तोंडाला काहीतरी काम लागतं. काकूंचे झटके त्या दिवसापासून बंद झाले असं आम्ही म्हणणार नाही. पुढच्या दोन महिन्यांत दोनदा आले. पण आधी आठवड्याला येत होते. आणि आता आला तरी त्या म्हणतात, "हे काय आहे ते मला ठाऊक झालंय."

सोडताना काही बारीकसारीक गोष्टी उपयोगी पडतात. ज्या दिवसात घरात लग्न नाही, कुणी आजारी नाही, असा दिवस धरा. आदल्या रात्री डबी रिकामी करा, ठेवून देऊ नका. दात घासायला ब्रश आणि साधी पेस्ट आणा. दातांच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, म्हणजे तंबाखूने दात घासणं सरकारलाही मान्य नाही. तलफ आली की लवंग, बडीशेप, भाजलेले जवस तोंडात टाका. दाढ दुखते म्हणून लावत असाल तर दाढ दाखवा, मशेरी कीड मारत नाही, दुखणं फक्त झाकते.

आणखी एक अडचण बाया आमच्याशी कुजबुजत बोलतात, म्हणून आम्हीच मोठ्याने सांगतो. "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." हे खरं आहे, कारण निकोटिन आतड्यांनाही ढकलतं. सोडल्यावर काही दिवस कोठा जड होतो. सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, भाकरी, भिजवलेल्या मनुका, आणि दोन-तीन आठवडे धीर. आतडी परत आपलं काम स्वतः करायला लागतात.

विडी-सिगारेट सोडणाऱ्यांसाठी दोन सूचना. सोडल्यावर चहा-कॉफीचा परिणाम अंगात जास्त वेळ टिकतो, त्याने हात थरथरतात आणि ते सगळं विडी सोडल्याचं खापर म्हणून फुटतं. चहाचे कप कमी करा. आणि मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर धूम्रपान सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागतं. कुणाला फारच जड जात असेल तर निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, डॉक्टरांना विचारून घ्यावं. गरोदर बाईने मशेरी तर सोडावीच, पण औषध किंवा गम विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता मनातलं एक. आम्ही बायांना विचारलं, मशेरी का लावता? कुणी म्हणालं भूक मरते. कुणी म्हणालं भांगलायला वाकून वाकून कंबर मोडते, तेवढाच विसावा. एका मावशींनी सांगितलं ते आमच्या मनात राहिलं. "मशेरी लावायला मागच्या दारी बसते ना, ती दहा मिनिटं मला कुणी हाक मारत नाही." ऐका बायांनो. आपल्याला लागतात ती ही दहा मिनिटं. नवऱ्याचं पिणं, पावसाचा नेम नाही, पोरीचं शिक्षण, हे सगळं मशेरी सोडली म्हणून सुटणार नाही. जीव घाबरायला आपल्याकडे कारणं आहेत. पण त्यात तंबाखूने रोज भर घालावी, हे कशाला? डबी टाका, मागच्या दारची दहा मिनिटं टाकू नका. त्याच वेळी, त्याच पायरीवर बसा. घरात सांगून ठेवा, या वेळेत हाक मारायची नाही.

हिशेब तर आपण करणारच. समजा, घरात मशेरी आणि विडी मिळून रोज दहा रुपये जातात. वर्षाचे होतात ३,६५०. एवढे गटाच्या वहीत वेगळ्या रकान्यात जमले, तर वर्षाच्या शेवटी त्याचं काय करायचं हे ठरवताना कुणालाच घाबरं होणार नाही.

मदत फुकट मिळते, ती घ्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६. पैसे लागत नाहीत. काळजी, झटके, उदासी यासाठी टेलिमानस हा सरकारी फोन आहे, १४४१६. तो दिवसरात्र चालतो, आणि मराठीत बोलता येतं. झटके वारंवार येत असतील तर त्यावर उपचार आहेत, बोलण्याचे आहेत आणि गोळ्यांचेही आहेत. मानसोपचार म्हणजे वेड नव्हे. तापाला डॉक्टर चालतो, तर भीतीला का चालू नये? जीव नकोसा वाटतो असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. त्याच घडीला कुणाला तरी सांगा.

शेवटी आमची गटांच्या अध्यक्ष-सचिवांना विनंती आहे. येत्या बैठकीत बचत जमा झाली की हा विषय काढा. कोण मशेरी लावतं हे विचारून हात वर करायला लावू नका, दंड ठेवू नका, शपथ घालू नका. ज्या दोघी-तिघींना सोडावीशी वाटते त्यांची जोडी लावून द्या, आणि पहिले तीन दिवस एकीने दुसरीच्या घरी चक्कर मारायची एवढं ठरवा. एखादीने मधेच परत लावली तर तिला हसू नका. आपल्या गटात थकलेला हप्ता आपण कसा सांभाळून घेतो? पुढच्या महिन्यात परत सुरू करतो, तसंच.

हे भाषण ऐकताना ज्यांचा हात कनवटीकडे गेला असेल, त्यांना आम्ही इथून बघू शकत नाही, आणि विचारणारही नाही. फक्त आज रात्री झोपण्याआधी नाडी मोजून बघा. उद्या सकाळी परत मोजा. बाकीचं तुमची नाडीच सांगेल.